व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी गाडी निवडताना: शोरूममध्ये मोजपट्टी घेऊन जा

घरात गाडी घ्यायची ठरली की पहिली चर्चा मॉडेलची होते, मग रंगाची, मग ॲव्हरेजची. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी गाडी घेताना हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी माणूस, मग त्याची खुर्ची, मग घराखालचं पार्किंग, मग कागदपत्रं आणि सगळ्यात शेवटी गाडी. सेल्समनला हा क्रम आवडत नाही, कारण तो पहिल्याच भेटीत बुकिंगची रक्कम मागतो. ती लगेच देऊ नका.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नियम भारतातले आहेत, उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली. परदेशातल्या मराठी मंडळींना मोजमापांचा भाग उपयोगी पडेल, पण कागदपत्रांचं त्यांना तिथलंच बघावं लागेल.

आधी हे ठरवा: गाडीत कोण कुठे बसणार?

तीन शक्यता असतात आणि प्रत्येकीची गाडी वेगळी. एक, व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती स्वतः चालवणार. दोन, ती खुर्चीतून उठून किंवा सरकून गाडीच्या सीटवर बसणार आणि दुसरं कोणी चालवणार. तीन, ती खुर्चीतच बसून राहणार आणि खुर्चीसकट आत जाणार.

"आत्ता मागे बसू दे, पुढे शिकला तर चालवेल" असा विचार घरोघरी असतो. विचार वाईट नाही, पण मग पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिक गाडीच घ्या. मॅन्युअल गाडीला क्लच हाताने चालवायचं किट बसतं, पण एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने क्लच, गिअर, रेस, ब्रेक हे सगळं सांभाळायचं म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कसरत होते.

अपंगत्व पुढे वाढत जाणार आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कण्याची जुनी दुखापत असेल तर आजची ताकद पाच वर्षांनीही साधारण तशीच राहील असं धरता येतं. स्नायूंचा वाढता आजार असेल तर आज सीटवर सरकणारा माणूस उद्या सरकू शकेलच असं नाही. अशा घरात छोटी हॅचबॅक घेऊन वर महागडं किट बसवण्याआधी दोनदा विचार करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या पुनर्वसन विभागात ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. हात किती पोचतो, कंबरेवर तोल किती राहतो, पायांना झटके येतात का, हे त्यांनी पाहिलं की निम्मे प्रश्न सुटतात.

मोजमाप

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. मोजपट्टी, वही आणि स्वतःची खुर्ची घेऊन शोरूममध्ये जा. माणूसही सोबत हवा. "फोटो काढून आणतो, घरी दाखवतो" असं करून घेतलेली गाडी बऱ्याचदा दारातच अडते.

पहिलं माप सीटच्या उंचीचं. तुमच्या खुर्चीची बैठक गादीसकट जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. साधारण ४८ ते ५३ सेंटिमीटर निघते. गाडीच्या सीटची उंचीही तशीच मोजा. हातांच्या जोरावर सरकणाऱ्यासाठी दोन्ही उंच्या जितक्या जवळ तितकं बरं. सीट खाली असेल तर आत जाणं सोपं वाटतं, आणि शोरूममध्ये लोक आत जाऊनच बघतात. पण जाताना जो उतार, तोच बाहेर येताना चढ. म्हणून दोन्ही करून पाहा, बाहेर येणं तर नक्कीच. सेडान इथे मार खाते. उलट मोठ्या एसयूव्हीची सीट इतकी उंच असते की आत जातानाच कोणीतरी उचलावं लागतं. वॅगन आरसारखी उभट गाडी या मंडळींत इतकी दिसते त्याचं कारण हेच. तिची उंची १६७५ मिलिमीटर आहे, सीट ना फार खाली ना फार वर, आणि डोकं आपटत नाही.

दुसरं माप दाराचं. दार किती उघडतं यावर खुर्ची सीटच्या किती जवळ लागेल ते ठरतं. टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, हा फायदा जाहिरातीत ओझरता येतो पण आपल्या कामात मोठा आहे. दार उघडलं की सीटची कड आणि दाराच्या चौकटीचा खालचा उंबरा यांत किती अंतर आहे तेही मोजा. हा उंबरा रुंद असेल तर खुर्ची आणि सीटमध्ये दरी राहते आणि ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे सरकायची फळी, लागतोच. लाकडाचा गुळगुळीत बोर्ड सुताराकडूनही करून घेता येतो, फक्त कडा घासलेल्या हव्यात.

तिसरं, गुडघ्यांची जागा. पाय हाताने उचलून आत घ्यायचे असतील तर सीट पूर्ण मागे सरकवून गुडघा डॅशबोर्डला लागतो का बघा. कमरेखाली संवेदना नसेल तर गुडघा घासलेला कळत नाही, जखम घरी आल्यावर दिसते.

सीटच्या कापडाकडेही बघा. लेदरेटवर सरकणं सोपं, पण वळणावर माणूसही सरकतो. जाड कापडावर उलटं. तोल कमी असलेल्यांनी कापडी सीट घ्यावी आणि सरकताना बोर्ड वापरावा, असं माझं मत आहे. उन्हात उभ्या गाडीत बेल्टचं बक्कल आणि काळं लेदरेट चटका देण्याइतकं तापतं, तेव्हा सीटवर टाकायला एक सुती पंचा गाडीत ठेवा. मानेची दुखापत असलेल्यांना घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं, त्यामुळे त्यांच्यासाठी एसी चैनीत मोजू नका. मे महिन्यात विदर्भात राहणाऱ्याने टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन वाजता घ्यावी.

सीट फिरवून बाहेर काढता येणारं किटही मिळतं. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन आरसाठी अशी फिरती सीट अधिकृतपणे विक्रीला आणली. सीट दाराकडे वळते, माणूस बसतो, सीट परत आत. ज्येष्ठांना आणि थोडंफार उभं राहता येणाऱ्यांना तिचा चांगला उपयोग होतो. खुर्चीतून पूर्ण हातांवर सरकणाऱ्याने मात्र आधी प्रत्यक्ष बसून बघावं, कारण अशा यंत्रणेने सीटची उंची थोडी बदलू शकते.

खुर्ची कुठे जाणार?

डिकीचे लिटर वाचून काही कळत नाही. वॅगन आरची डिकी ३४१ लिटरची, होंडा अमेझची ४१६ लिटरची. आकड्यात अमेझ पुढे, पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं आणि खुर्ची तिरकी करून घालावी लागते. खुर्ची घालून बघा, झाकण लावून बघा.

सीएनजीचा मोह इथे नडतो. सिलिंडर डिकीत बसला की खुर्चीला जागा उरत नाही, मग ती मागच्या सीटवर जाते आणि दोन माणसं घरी राहतात. टाटाच्या टियागो आणि टिगोरमध्ये दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेले असतात, त्यामुळे वर जागा राहते. २०२४ मध्ये याच दोन गाड्या सीएनजी आणि एएमटी (साध्या गिअरबॉक्सवरच यंत्राने गिअर बदलणारी ऑटोमॅटिक) एकत्र घेऊन आल्या. तळ थोडा उंचावतो, म्हणून तिथेही खुर्ची घालूनच निर्णय घ्या.

मधोमध घडी होणारी साधी लोखंडी खुर्ची १५ ते २० किलोची असते. ती रोज चार वेळा उचलणार कोण? आई-वडील साठीचे असतील तर गाडी निवडताना त्यांच्या कमरेचाही विचार करा. डिकीची कड कमी उंचीची हवी. ज्यांना परवडेल त्यांनी गाडी थोडी स्वस्तातली घेऊन उरलेले पैसे हलक्या खुर्चीत घालावेत. चाकं बटण दाबून निघणारी, न घडी होणारी हलकी खुर्ची असेल तर एकटा चालवणारा माणूस ड्रायव्हर सीटवर बसूनच चाकं काढतो आणि सांगाडा छातीवरून ओढून शेजारच्या सीटवर ठेवतो. त्यासाठी स्टिअरिंग आणि सीटची पाठ यांत पुरेसं अंतर लागतं. पाठ किती मागे झुकते आणि स्टिअरिंग किती वर जातं, तेही वहीत लिहा.

आपल्याकडे ड्रायव्हरचं दार उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. एकट्याने खुर्ची जोडत बसायचं ते ट्रॅफिकच्या अंगावर. म्हणून रोज जिथे गाडी लावणार त्या दोन जागा, घर आणि ऑफिस, आधी पाहून घ्या. सोसायटीत उजवीकडे निदान मीटरभर मोकळी जागा हवी. पझल पार्किंग किंवा एकावर एक गाड्या चढवणारं पार्किंग असेल तर व्यवस्थापनाला पत्र देऊन जमिनीवरची, लिफ्टजवळची जागा मागा. गाडी येण्याआधीच मागा, कारण आल्यावर शेजाऱ्यांशी वाद होतात.

स्वतः चालवायचं असेल तर

ऑटोमॅटिक हे ठरलं. पण कुठलं? एएमटी सगळ्यात स्वस्त, पण गिअर बदलताना हलका हिसका देते. पाय टेकवून तोल सावरणाऱ्याला तो जाणवत नाही, छातीखाली ताकद नसलेला माणूस मात्र प्रत्येक हिसक्याला पुढे झुकतो. तोल कमी असेल तर सीव्हीटी (पायऱ्या नसलेली, हिसका न देणारी ऑटोमॅटिक) घ्या, किंवा इलेक्ट्रिक. चार मीटरच्या आत अमेझमध्ये सीव्हीटी मिळते. टियागो ईव्ही, पंच ईव्ही यांना गिअरच नाहीत, त्यामुळे हिसकाही नाही. शिवाय पंपावर रांगेत उभं राहणं वाचतं, घरी चार्जर लावता येत असेल तर. ईव्हीची चार्जिंगची झाकणी कुठे आहे तेही बघा. खुर्चीवरून हात पोचायला हवा, आणि भिंतीला चिकटून गाडी लावली तर पोचत नाही.

चढावर गाडी मागे न जाऊ देणारी हिल होल्डची सोय हवीच. हाताने ब्रेक सोडून त्याच हाताने रेस द्यायची असते, तेवढ्यात खंबाटकीच्या चढावर मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागतो.

हँड कंट्रोलचं काम असं चालतं. स्टिअरिंगखाली एक दांडा असतो, तो पेडलना सळ्यांनी जोडलेला असतो. दांडा ढकलला की ब्रेक लागतो, ओढला किंवा पिरगाळला की रेस मिळते. ढकलण्यात ब्रेक असण्यामागे कारण आहे. गाडी अचानक थांबली की शरीर पुढे जातं, आणि हात पुढे गेला की ब्रेकच दाबला जातो. याच्या उलट जोडणी कोणी सुचवली तर त्या गॅरेजमधून बाहेर पडा.

दांडा बहुधा डाव्या हाताला बसवतात आणि उजवा हात स्टिअरिंगवर राहतो. मारुती, टाटा, ह्युंदाई यांच्या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या हाताच्या बोटांनी तो चालवता येतो. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये तो डावीकडे असतो. बारीक गोष्ट आहे, पण रोज शंभरदा लागते. एका हाताने स्टिअरिंग फिरवायला त्यावर गोल मूठ बसवून घ्यावी लागते.

फक्त उजवा पाय चालत नसेल तर पूर्ण हँड कंट्रोल लागतच नाही, डाव्या पायाची रेस बसवता येते. फक्त डावा पाय चालत नसेल तर कोणतीही ऑटोमॅटिक गाडी पुरते.

किट घेताना पाहायच्या गोष्टी: पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, आणि ते तुमच्याच मॉडेलला लागू आहे का. प्रत हातात घ्या, मोबाइलवर दाखवलेली चालणार नाही. पेडलना वेल्डिंग केलेलं किट नको. नटबोल्टने बसणारं हवं, म्हणजे घरातलं दुसरं कोणी पायानेही चालवू शकेल. पायांना झटके येत असतील तर पेडलसमोर आडवी पट्टी लावून घ्या, नाहीतर झटक्यात पाय रेसखाली जाऊन अडकतो. किट बसवल्यावर गाडीच्या वॉरंटीचं काय, हे डीलरकडून लेखी घ्या.

खुर्चीसकट आत जायचं असेल तर

बॅटरीवरची जड खुर्ची असेल किंवा सीटवर बसवणं शक्यच नसेल तर रॅम्पवाली गाडी लागते. आपल्याकडे हे काम बहुतेक ईकोसारख्या व्हॅनवर करतात, मागचं दार वापरून. बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतची उंची जमिनीपासून मोजा, त्यात पाच सेंटिमीटर मिळवा, आणि तेवढी उंची दाराच्या चौकटीत मिळते का बघा. छताच्या आतली उंची वेगळी, चौकटीची वेगळी. डोकं चौकटीला आपटतं.

रॅम्पची लांबी चढायच्या उंचीच्या सहापट तरी हवी, तेव्हा एक माणूस भरलेली खुर्ची ढकलू शकतो. गाडीचा तळ ४० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प जवळजवळ अडीच मीटर होतो. इतकी जागा गाडीमागे कुठे मिळते? म्हणूनच चांगले कारागीर मागचा तळ खाली उतरवून देतात. तसं न करता फक्त दोन पत्र्याच्या पट्ट्या देणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

आत गेल्यावर खुर्ची पुढे तोंड करूनच बांधायची, आडवी कधीही नाही. पट्टे चार हवेत, दोन पुढे आणि दोन मागे, खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला अडकवलेले. चाकांना बांधायचं नाही. माणसाला वेगळा बेल्ट, तोही गाडीला जोडलेला, खांद्यावरून आणि मांड्यांवरून जाणारा. खुर्चीचा स्वतःचा पट्टा बसायला आधार देतो, अपघातात धरत नाही. अशा पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ आणि गाडीत वापरायच्या खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ ही मानकं आहेत. हॉस्पिटलात मिळणाऱ्या साध्या खुर्च्या अपघाताच्या चाचणीतून गेलेल्या नसतात, म्हणून ज्याला सीटवर बसता येतं त्याने बसावं. कंटाळा आला तरी.

कागदपत्रांचा क्रम

इथे चुकलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून क्रमाने.

युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आधी. त्यावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व नोंदलेलं असेल तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं. त्यानंतर बुकिंग, आणि ते दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर. कर्जाच्या सोयीसाठी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर गाडी घेतली जाते आणि मग सवलती अडकतात. बँकेला सहकर्जदार चालतो, आरसीवरचं (नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव मात्र बदलू देऊ नका.

जीएसटीबद्दल जुनी माहिती अजून फिरते. पूर्वी छोट्या गाडीवर २८ टक्के आणि वर उपकर असे, आणि अस्थिव्यंग असलेल्यांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर १८ टक्के लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के आहे. त्यामुळे त्या प्रमाणपत्रातून वेगळा फायदा उरला नाही. ते काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्केच आहे. किटवरचा जीएसटीही २०२१ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला, बिलात तसा लागलाय का पाहा.

रस्ता कर राज्याचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के असतो, म्हणजे सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. माफीसाठी तुमच्या आरटीओत कोणते कागद लागतात ते बुकिंगआधी जाऊन विचारा, डीलरच्या "करून देतो साहेब" वर थांबू नका. कर एकदा भरला की परतावा मागत फिरावं लागतं.

नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय २०२० पासून आहे. डीलरचा माणूस सवयीने 'वैयक्तिक' टाकतो. समोर उभं राहून बघा. किट बसवलेली गाडी आरटीओ निरीक्षकाला दाखवून 'ॲडॅप्टेड व्हेइकल' अशी नोंद आरसीवर करून घ्यायची. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनंतर, मुळात तशी बनवलेली नसलेली पण नंतर बदल करून घेतलेली गाडीही या व्याख्येत बसते. आधीच नोंदलेल्या गाडीत बदल करायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या, आणि कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्रही.

ही नोंद झाली की दोन गोष्टी मागता येतात. राष्ट्रीय महामार्गांवर टोलमाफीचा वेगळा फास्टॅग, जो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज करून मिळतो. साधा फास्टॅग लावून "आम्ही दिव्यांग" सांगितल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत. आणि विमा. बदल केलेल्या गाडीसाठी आयएमटी-१२ नावाची जोड आहे, तिच्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. एजंटला हा क्रमांक सांगूनच विचारा. किटची किंमतही विम्यात धरायला सांगा.

परवान्याला फॉर्म १ए वरचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि चाचणी बदल केलेल्या गाडीवरच द्यावी लागते. शिकवायला हँड कंट्रोलची गाडी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूल फार कमी आहेत. त्यामुळे बहुतेकांना आधी गाडी, मग किट, मग शिकाऊ परवाना आणि ओळखीच्या माणसाला शेजारी बसवून मोकळ्या मैदानावर सराव, याच वाटेने जावं लागतं.

गाडी ताब्यात घेताना

किट बसवणाऱ्याच्या समोरच चालवून बघा. पूर्ण ब्रेक दाबला तेव्हा दांडा डॅशबोर्डला टेकतो का, स्टिअरिंग पूर्ण फिरवताना हात दांड्यावर आपटतो का, उतारावर हाताने धरलेला ब्रेक दोन मिनिटांत दमवतो का. दमवत असेल तर ब्रेक लॉक बसवून घ्या.

पहिल्या आठवड्यात लांब जाऊ नका. घर, पंप, दवाखाना एवढंच. पावसाळा असेल तर खुर्चीची गादी झाकायला प्लास्टिकची मोठी पिशवी दारातच ठेवा, कारण सीटवरून खुर्चीत जाईपर्यंत गादी भिजते आणि ओल्या गादीवर दिवसभर बसलं तर त्वचा जाते. लांबच्या प्रवासात अर्ध्या तासाला बूड उचलून किंवा बाजूला झुकून दाब मोकळा करायचा. चालवताना ते होत नाही, म्हणून थांबे आधीच ठरवा. फोन मागच्या सीटवर टाकायचा नाही, खिशात ठेवायचा. खुर्चीच्या चाकाची एक ट्यूब आणि छोटा पंप डिकीत असू द्या.

महिनाभराने किट बसवणाऱ्याकडे परत जाऊन सगळे बोल्ट आवळून घ्या. नवीन जोडणी हादऱ्यांनी थोडी सैल होतेच. गाडी सर्व्हिसिंगला दिली की परत घेताना पहिलं हेच तपासा, कारण मेकॅनिक पायाखालची सळी अडते म्हणून काढून ठेवतात आणि बसवताना घाई करतात.